घराण्याचा इतिहास शोधताना : महाराष्ट्रातील कुटुंबांसाठी कागदोपत्री शोधाची वाट

घराण्याचा इतिहास शोधायचा म्हटले की अनेकांच्या डोळ्यांसमोर राजघराणी, सरदारांचे वाडे आणि सनदा येतात. आपल्यासारख्या साध्या कुटुंबाचा कागदोपत्री माग कुठून लागणार, असे वाटून शोध सुरू होण्याआधीच थांबतो. वस्तुस्थिती याहून बरीच आशादायक आहे. जमीन कसणारे, कुळ म्हणून राबणारे, गावकीचे वतन सांभाळणारे किंवा केवळ चार इयत्ता शाळेत गेलेले पूर्वजही कुठल्या ना कुठल्या सरकारी नोंदवहीत नावाने उतरलेले असतात, आणि त्या नोंदवह्यांपैकी पुष्कळ आजही तहसील कचेरीत, शाळेच्या कपाटात किंवा पुराभिलेखागारात जपलेल्या आहेत. शोधाची अडचण बहुधा कागदांच्या अभावाची नसते. कोणता कागद कोणत्या कचेरीत असतो, त्याचे नाव काय आणि त्यात काय वाचायचे, हे माहीत नसल्यामुळे माणूस अडतो. या लेखात तीच वाट क्रमाने मांडली आहे.

एक तत्त्व मात्र आरंभीच पक्के करून घ्यावे, कारण पुढचे सगळे काम त्यावर उभे राहते. एखाद्या जुन्या कागदात आपल्या आडनावाचा माणूस सापडणे ही एक गोष्ट, आणि तो आपला पूर्वज असल्याचे ठरणे ही पूर्ण वेगळी गोष्ट. पिढी जोडायची ती बाप-लेक, आई-मूल किंवा भाऊ-भाऊ हे नाते सांगणाऱ्या पुराव्यावर. नुसत्या नावाच्या साम्यावर नव्हे. आपल्याकडे आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची रीत असल्यामुळे एकाच घरात ‘सखाराम गोविंद’ आणि ‘गोविंद सखाराम’ आलटून पालटून येत राहतात, आणि एक पिढी गाळली गेली किंवा दोनदा मोजली गेली तरी वंशवेल वरवर बरोबरच दिसते.

आरंभ स्वतःपासून

कितीही मोह झाला तरी एखाद्या प्रसिद्ध पूर्वजापासून खाली येण्याचा प्रयत्न करू नये. आपल्यापासून सुरुवात करून एकेक पिढी मागे जावे. एका वहीत स्वतःचे, आईवडिलांचे, चारही आजी-आजोबांचे आणि ठाऊक असतील तितक्या पणजोबा-पणजींचे पूर्ण नाव, जन्म व मृत्यूचे वर्ष आणि गाव लिहून काढावे. माहिती नसलेली जागा रिकामी ठेवावी. अंदाज असल्यास तो पेन्सिलीने लिहावा आणि ‘अंदाज’ असे शेजारी स्पष्ट नोंदवावे.

व्यक्तींना क्रमांक देण्याची एक सोपी पद्धत जगभर वापरली जाते. स्वतःचा क्रमांक १. कोणाच्याही वडिलांचा क्रमांक त्याच्या क्रमांकाच्या दुप्पट आणि आईचा दुपटीहून एक जास्त. म्हणजे वडील २, आई ३, वडिलांचे वडील ४, वडिलांची आई ५, आईचे वडील ६ आणि आईची आई ७. या पद्धतीचा मोठा गुण असा की आईकडच्या बाजूची रिकामी जागा डोळ्यांना सतत दिसत राहते. आपल्या बहुतेक वंशावळी केवळ पुरुषांच्या नावांची उतरंड असतात, आणि त्यामुळे आठ पणजोबा-पणजींपैकी सात जणांचा इतिहास कोणी शोधायलाच घेत नाही. शोध चारही आजी-आजोबांच्या घराण्यांचा करायचा की एकाच बाजूचा, हे ज्याने त्याने ठरवावे. पण प्रत्येक पिढीतील स्त्रीचे माहेरचे नाव, माहेरचे आडनाव आणि माहेरचे गाव या तीन गोष्टी आरंभापासून नोंदवाव्यात, कारण त्या सर्वांत आधी विसरल्या जातात.

वडीलधाऱ्यांशी बोलणे

कागद थांबतील, माणसे थांबत नाहीत. म्हणून कोणत्याही कचेरीत जाण्याआधी कुटुंबातील सर्वांत वृद्ध व्यक्तींशी बोलून घ्यावे. त्यांची परवानगी घेऊन मोबाइलवर ध्वनिमुद्रण करावे, तासाभराहून अधिक वेळ एका बैठकीत घेऊ नये आणि काही दिवसांनी पुन्हा जावे. पहिल्या भेटीनंतर मनात चाळवलेल्या आठवणी दुसऱ्या भेटीत बाहेर येतात. जुने फोटो सोबत नेले तर बोलणे आपोआप सुरू होते.

‘पणजोबा कोणत्या साली वारले?’ या प्रश्नाला सहसा उत्तर मिळत नाही. त्याऐवजी ज्यांच्या तारखा पक्क्या आहेत अशा घटनांशी आठवण जोडून विचारावे. १९७२ च्या दुष्काळात ते होते का? ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाच्या वेळी घरात कोण कोण होते? पुण्याचे कुटुंब असेल तर १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात कोणता वाडा गेला? याहून मागे जायचे तर १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ, १८९९-१९०० चा दुष्काळ आणि १८९६ पासून मुंबईत व पाठोपाठ पुण्यात पसरलेला प्लेग यांच्या ऐकीव आठवणी अनेक घरांत टिकून आहेत. ‘प्लेगात आजोबांचे आईवडील दोघेही गेले आणि आजोबा मामाकडे वाढले’ अशा एका वाक्याने साधारण काळही कळतो, आणि पुढचा शोध मामाच्या गावी करायचा हेही कळते.

आत्या, मावश्या आणि लग्न होऊन सासरी गेलेल्या चुलत बहिणी यांना विसरू नये. नातेसंबंधांची माहिती, कोण कोणाकडे दिली, कोणाचे दुसरे लग्न कोणत्या गावच्या मुलीशी झाले, हे माझ्या अनुभवात पुरुषांपेक्षा बायकांना कितीतरी अधिक नेमके ठाऊक असते. कुलदैवत, गोत्र, देवक, मूळ गाव आणि भाऊबंद कोणत्या गावांत पसरले आहेत, हेही विचारावे. कुलदैवताचे ठिकाण आजच्या गावापासून फार दूर असेल तर घराणे स्थलांतरित असण्याची शक्यता धरावी. हा पुरावा नव्हे, पण दिशा म्हणून मोलाचा आहे. गावाच्या नावावरून पडलेली ‘कर’ प्रत्यय असलेली आडनावे हीसुद्धा अशीच दिशा देतात, मात्र एकाच नावाची अनेक गावे असतात हे ध्यानात ठेवावे.

घरातील कागद आणि वस्तू

माळ्यावरची पेटी, देवघराखालचा कप्पा आणि जुन्या लोखंडी कपाटाचा खण नीट पाहावा. जन्मपत्रिका, लग्नपत्रिका, दत्तकपत्र, वाटणीपत्र, निवृत्तिवेतनाचे कागद, सावकारी व्यवहाराच्या वह्या, मनिऑर्डरच्या पावत्या, पोस्टकार्डे यांपैकी काहीही फेकण्याजोगे नाही. पोस्टकार्डावरील टपालाच्या शिक्क्यात गाव आणि तारीख दोन्ही असतात. जुन्या तांब्या-पितळेच्या भांड्यांवर नावे आणि कधी तारखाही कोरलेल्या असतात, आणि लग्नात माहेरहून आलेल्या भांड्यावर माहेरच्या माणसाचे नाव मिळू शकते. एखाद्या पणजीच्या वडिलांचे नाव घरात उरलेले एवढ्या एकाच ठिकाणी असू शकते.

प्रत्येक कागदाचा दोन्ही बाजूंनी फोटो घ्यावा, तो कोणाकडे व कधी पाहिला हे लिहावे आणि मूळ कागद जिथे होता तिथेच ठेवावा. जुन्या कागदाला चिकटपट्टी लावू नये आणि तो लॅमिनेट तर मुळीच करू नये. दोन्हींमुळे कागदाची कायमची हानी होते.

शाळा आणि कोतवाल बुक

पहिला सरकारी पुरावा बहुधा शाळेत मिळतो. प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मुलाचे व वडिलांचे नाव, जन्मतारीख, जन्मगाव, जात, प्रवेशाची व शाळा सोडल्याची तारीख असते. मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज करून प्रवेश-निर्गम उतारा मागता येतो. अर्जात अंदाजे वर्षांचा पल्ला द्यावा, म्हणजे शोधणाऱ्याचे श्रम वाचतात. गावची शाळा शंभर वर्षांहून जुनी असेल तर आजोबा-पणजोबांच्या पिढीपर्यंत सहज पोहोचता येते. या नोंदीतील जन्मतारखेवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नये. मुलाला शाळेत घालताना गुरुजींनी वयाच्या अंदाजाने तारीख घालण्याची पद्धत सर्रास होती, आणि एकेका पिढीत १ जूनला जन्मलेल्यांची संख्या एवढी मोठी का, याचे उत्तर त्यातच आहे.

जन्म-मृत्यूची आजची नोंदणी १९६९ च्या अधिनियमानुसार होते. त्याआधीच्या ग्रामीण नोंदी गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे ज्याला बोलीत कोतवाल बुक म्हणतात त्यात सापडतात, आणि ती बुके साधारणपणे तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. जन्माच्या नोंदीत बाळाचे नाव पुष्कळदा नसतेच, कारण नोंद बारशाआधी झालेली असते. ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच लिहून पुढे बापाचे नाव येते. त्यामुळे आजोबांचे नाव शोधत बसण्यापेक्षा पणजोबांच्या नावाखाली कोणकोणत्या वर्षी अपत्ये नोंदली आहेत ते पाहावे आणि भावंडांच्या क्रमाशी ताडून घ्यावे. मृत्यूच्या नोंदीतील वय हा सांगणाऱ्याचा अंदाज असतो.

कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामामुळे अशा असंख्य जुन्या नोंदवह्या बाहेर काढून तपासल्या गेल्या, आणि सापडलेल्या नोंदी अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर ठेवण्यात आल्या. तो शोध एका विशिष्ट प्रयोजनासाठी झाला. तरीही आपल्या तालुक्यात कोणते अभिलेख शिल्लक आहेत हे कळण्यासाठी ती पाने अवश्य चाळावीत.

जनगणनेबद्दल एक खुलासा येथेच करतो. इंग्लंड-अमेरिकेतील वंशशोधक जनगणनेच्या घरोघरच्या याद्यांवर अवलंबून असतात, ते वाचून आपल्याकडेही अनेक जण त्या मागायला जातात. भारतात १९४८ च्या जनगणना अधिनियमाने व्यक्तिगत माहितीचे तक्ते पाहण्यास खुले ठेवलेले नाहीत. त्या वाटेला जाऊ नये.

जमिनीचे कागद : सर्वांत सकस साधन

घराण्याच्या इतिहासासाठी महाराष्ट्रातील जमिनीच्या अभिलेखांइतके समृद्ध साधन दुसरे नाही, असे माझे ठाम मत आहे. कारण हे कागद केवळ नाव सांगत नाहीत, ते नाते सांगतात. खातेदार मरण पावला की त्याच्या जागी कोण आले आणि कोणत्या नात्याने आले, हे लिहिल्याशिवाय नोंदच पूर्ण होत नाही.

सुरुवात कुटुंबाच्या सध्याच्या किंवा शेवटच्या ठाऊक असलेल्या सातबाऱ्यापासून करावी. सातबारा म्हणजे गाव नमुना ७ आणि १२ यांचा एकत्र उतारा. खातेदारांच्या नावांजवळ फेरफार क्रमांक दिलेले असतात. हे क्रमांक म्हणजे शोधाच्या किल्ल्या आहेत. प्रत्येक क्रमांकाचा फेरफार, म्हणजे गाव नमुना ६ मधील हक्कबदलाची नोंद, काढून वाचावी. ‘अमुक खातेदार अमुक तारखेस मयत, वारस मुलगे अमुक व अमुक, विधवा अमुक, मुलगी अमुक’ अशा स्वरूपाचा मजकूर तीत असतो. त्या मयत खातेदाराचे नाव सातबाऱ्यावर कोणत्या जुन्या फेरफाराने लागले होते ते पाहून त्याच्या मागच्या फेरफाराकडे जावे. अशी साखळी एकेक कडीने मागे नेली की विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांपर्यंत पोहोचता येते. वारसाच्या प्रकरणांची स्वतंत्र नोंदवही, गाव नमुना ६-क, मिळाल्यास तीही पाहावी. पश्चिम महाराष्ट्रात सातबाऱ्याच्या आधीचा हक्कनोंदीचा कागद क.ड.ई. पत्रक या नावाने ओळखला जातो. तो आणि त्याला जोडलेले फेरफार अभिलेख कक्षात मागावेत. मोजणीशी संबंधित टिपण, आकारफोड, आकारबंद हे कागद भूमी अभिलेख विभागाच्या तालुका कार्यालयात असतात आणि जुन्या भूमापन क्रमांकाचा आजच्या गट क्रमांकाशी मेळ घालायला त्यांचा उपयोग होतो. अनेक जुने अभिलेख आता स्कॅन झाले असून महाभूमीच्या ‘आपले अभिलेख’ या सेवेवर घरबसल्या पाहता येतात. आपल्या तालुक्याचे जे तिथे नसेल त्यासाठीच कचेरी गाठावी.

हे कागद वाचताना काही संक्षेप आणि शब्द माहीत हवेत. ‘बिन’ किंवा ‘वलद’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘पार्वती कोम गणू’ म्हणजे गणूची बायको पार्वती, ‘भ्र.’ म्हणजे भ्रतार, अर्थात पतीचे नाव. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता: मुलगा किंवा मुलगी त्या तारखेला अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, होती आणि तिच्या वतीने पालनकर्त्याचे नाव लागले, म्हणजे जन्मवर्षाचा साधारण अंदाज आपोआप मिळाला. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. ही तीन अक्षरे दिसली की थांबून विचार करावा, कारण तिथे थोरल्या भावाचे एकट्याचे नाव असले तरी मागे धाकटे भाऊ असणार, आणि त्यांची नावे पुढे कधीतरी झालेल्या वाटणीच्या फेरफारात उघड होतील. आपले आजोबा एखाद्या नोंदीत नाहीत म्हणून ते त्या घरचे नव्हतेच, असा निष्कर्ष काढण्याची चूक इथेच होते.

स्त्रियांच्या दृष्टीने १९५६ चा हिंदू वारसा कायदा हा फार मोठा टप्पा आहे. त्यानंतरच्या वारस नोंदींत मुलींची नावे येऊ लागतात, त्याही सासरच्या नावासह आणि पुष्कळदा सासरच्या गावासह. मागोमाग बहिणींनी भावांना लिहून दिलेली हक्कसोडपत्रे येतात. त्या कागदांमागे स्त्रियांनी सोडून दिलेला हक्क आहे, याची जाणीव ठेवूनच ते वाचावेत. पण घराण्याच्या इतिहासात हरवलेल्या आत्या-आजी त्यांच्या नावागावासह परत सापडण्याचे सर्वांत खात्रीचे स्थान तेच आहे. खरेदीखत, गहाणखत, वाटणीपत्र, दत्तकपत्र, मृत्युपत्र अशा नोंदणीकृत दस्तांसाठी दुय्यम निबंधक कार्यालयातील सूची पाहावी. दत्तकाची नोंद मिळाली तर जन्मदात्या आणि दत्तक अशा दोन्ही घराण्यांची माहिती लिहून ठेवावी.

जमीन मालकीची नव्हती म्हणून ही वाट बंद समजू नये. मुंबई इलाख्याच्या १९४८ च्या कुळकायद्यानुसार १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून कुळांना जमीन खरेदीचा हक्क मिळाला, आणि कलम ३२-ग खालील चौकशीच्या कागदांत कुळाचे नाव, त्याचे वारस व तो जमीन किती काळ कसत होता, हे तपशील येतात.

मराठवाडा, विदर्भ आणि इतर प्रांत

आजच्या महाराष्ट्राचे भाग १९५६ पर्यंत वेगवेगळ्या राजवटींत होते, त्यामुळे एकाच प्रकारच्या कागदाची नावे आणि भाषा बदलतात. मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथले जुने महसुली कागद उर्दूत व त्याहून जुने फारसीत असतात आणि वर्षे फसली सनात, म्हणजे महसुली कालगणनेत, असतात. तिथे सेतवार आणि १९५४-५५ च्या सुमाराचे खासरा पाहणी पत्रक मागावे. विदर्भात बंदोबस्त मिसल आणि अधिकार अभिलेख पाहावे. कोल्हापूर, सातारा, औंध, सांगली अशा संस्थानांतील कुटुंबांनी त्या त्या संस्थानाची दप्तरे कुठे गेली हे आधी विचारून घ्यावे. ज्यांचे पूर्वज मराठेशाहीच्या विस्तारात बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर किंवा तंजावरला गेले, त्यांचा शोध तिथल्या अभिलेखागारांत पुढे सरकतो.

तीर्थोपाध्याय, हेळवी आणि छापील कुलवृत्तांत

नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, प्रयाग, गया येथील तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. यात्रेला आलेल्या पूर्वजाने स्वतःचे, वडिलांचे, आजोबांचे, भावांचे, मुलांचे नाव त्यात लिहून सही केलेली असते. उपाध्याय गाव आणि आडनावावरून नेमलेले असतात, म्हणून आपले मूळ गाव ठाऊक असल्याशिवाय तिथे जाऊन उपयोग नाही. सध्याच्या शहराचे नाव सांगून वही मिळत नाही. नोंद सापडल्यावर परवानगीने पानाचा फोटो घ्यावा, आणि योग्य दक्षिणा देऊन आपल्या पिढीची नोंदही करावी, त्यात मुलींची व सुनांची नावे आवर्जून घालावीत. या नोंदींचे विशेष मोल असे की त्या पूर्वजाने स्वतः सांगितलेल्या असतात.

दक्षिण महाराष्ट्रातील कोल्हापूर-सांगलीकडच्या गावांत हेळवी येतात आणि घराण्याची वंशावळ वाचून दाखवतात. त्यांची परंपरा आदरास पात्र आहे. तरी अलीकडच्या पिढ्यांचा भाग कागदांशी ताडून पाहावा आणि तो जितका जुळेल तितका मागच्या भागावर विश्वास टाकावा.

विसाव्या शतकात अनेक घराण्यांनी कुलवृत्तांत छापले. आपल्या आडनावाचा कुलवृत्तांत मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय किंवा आपल्या जिल्ह्यातील जुने वाचनालय येथे शोधावा. त्यातील माहिती बहुधा कुटुंबांनी पत्राने कळवलेली असते, म्हणून संपादकाच्या हयातीतील पिढ्या अधिक भरवशाच्या आणि आरंभीच्या पिढ्या परंपरागत समजुतीच्या, असा भेद करून वाचावे. सारख्या आडनावाच्या पण वेगळ्या कुळांची सरमिसळ त्यात झालेली असू शकते.

पुराभिलेखागार, मोडी आणि जुने सन

एकोणिसाव्या शतकाच्या मागे जायचे असेल तर पुराभिलेखागाराची पायरी चढावी लागते. राज्य शासनाची पुराभिलेखागारे मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दप्तर रुमालांत, म्हणजे कापडी गाठोड्यांत, बांधलेले आहे आणि त्यात कोट्यवधी कागद आहेत. १९३० च्या सुमारास गो. स. सरदेसाई यांनी त्यांतील निवडक कागद ४५ भागांत प्रसिद्ध केले. ते भाग ग्रंथालयांत मिळतात. खासगी संस्थांपैकी १९१० मध्ये स्थापन झालेले पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ आणि धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ येथे घराण्यांची अनेक दप्तरे आहेत.

इथे शोध आडनावावरून होत नाही. तो परगणा, गाव आणि वतन यांवरून होतो. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, चौगुले, जोशी अशी वतने किंवा इनामे ज्यांच्या घरात होती त्यांना सर्वाधिक यश मिळते. ब्रिटिश अमदानीत इनाम कमिशनने वतनदार व इनामदारांकडून हक्काचे पुरावे मागवले, तेव्हा घराण्यांनी कैफियती दिल्या आणि सोबत वंशावळी जोडल्या. त्याआधीच्या काळातील वतनाच्या भांडणांचे महजर (गोतसभेचे लेखी निर्णय) आणि निवाडे यांतही दोन्ही पक्षांच्या पिढ्या येतात. मात्र वंशावळ देणाऱ्याचा हितसंबंध त्या कागदात गुंतलेला होता, हे विसरू नये. प्रतिपक्षाने तिच्यावर काय आक्षेप घेतला आणि निकाल काय लागला, ते वाचल्याशिवाय ती स्वीकारू नये.

हे बहुतेक कागद मोडीत आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी रोजच्या वापरात होती, त्यामुळे जुने फेरफार आणि खतेसुद्धा तिच्यात मिळतात. आधी ओळ ओढून तिच्याखाली सलग लिहिण्याची ही लिपी शब्द तोडून दाखवत नाही आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाही. पुराभिलेख विभाग व संशोधन संस्था मोडीचे वर्ग घेतात. अक्षरे ओळखता येऊ लागली तरी घसटीच्या वळणाचा सराव वेगळा करावा लागतो, म्हणून पहिल्या काही कागदांचे लिप्यंतर जाणकाराकडून करून घ्यावे आणि ते मूळ कागदाशेजारी ठेवून स्वतः वाचत जावे. नावे आणि आकडे यांसाठी दुसऱ्या जाणकाराचा डोळाही फिरू द्यावा.

सन बदलण्याचे सोपे हिशेब असे: शकात ७८ मिळवावे, आणि नोंद जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंतच्या काळातील असेल तर ७९. सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवावे. हे वर्ष मृगापासून बदलते, म्हणून पावसाळ्याच्या तोंडापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि पुढे ६००. फसली सनात ५९० किंवा ५९१, आणि राज्याभिषेक शकात १६७३ किंवा १६७४. सुहूर सन पुष्कळदा अंकांऐवजी अरबी शब्दांत लिहिलेला असतो: इहिदे म्हणजे एक, इसन्ने दोन, सल्लास तीन, अर्बा चार, खमस पाच. पानिपतचे युद्ध झाले ते साल, इहिदे सितैन मया व अलफ, म्हणजे ११६१; त्यात ६०० मिळवले की १७६१. कागदात संवत्सराचे नाव असेल तर त्यावरूनही शकाचा पडताळा घ्यावा.

ज्यांच्याबद्दल कमी लिहिले गेले

वतन आणि जमीन यांभोवती फिरणारी ही साधने सर्वांना सारखा न्याय देत नाहीत, आणि हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. महार वतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली, पण त्याआधीच्या वतन नोंदी आणि वतन जमिनीचे फेरफार यांतून अनेक बौद्ध कुटुंबांना चार-पाच पिढ्यांची नावे मिळू शकतात. सैन्यात गेलेल्या पूर्वजाचे डिस्चार्ज प्रमाणपत्र किंवा पेन्शन बुक घरात असेल तर त्यात पलटण, क्रमांक आणि मूळ गाव असते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली डांबल्या गेलेल्या समाजांच्या नोंदी पोलिस व वसाहतींच्या कागदांत आहेत. त्या ज्या अपमानकारक भाषेत लिहिल्या आहेत ती भाषा त्या व्यवस्थेची साक्ष आहे, पूर्वजांची ओळख नव्हे. वसई-मुंबईकडील ख्रिस्ती कुटुंबांना चर्चच्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या वह्या असतात, आणि त्यांत आईचे नावही मिळते. मुस्लिम कुटुंबांनी निकाहनामे व काझींच्या नोंदी पाहाव्यात. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मॉरिशसला करारबद्ध मजूर म्हणून गेलेल्यांच्या नोंदी तिथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत.

कुठेच कागद नसतील तर गावातील शेजारच्या कुटुंबांचे कागद वाचावेत. चतुःसीमेत शेजाऱ्याचे नाव येते, खतावर साक्षीदार म्हणून अंगठा उमटवणाऱ्याचे नाव येते, आणि असा एखादा साक्षीदार आपला पणजोबा असू शकतो. १९४८ मध्ये महात्मा गांधींच्या हत्येनंतर झालेल्या जाळपोळीत ज्यांच्या घरची दप्तरे जळाली, त्यांनाही हीच वाट घ्यावी लागते: घरचा कागद गेला तरी सरकारी प्रत किंवा दुसऱ्या पक्षाकडील प्रत शिल्लक असते.

पिढी जोडण्याची कसोटी

प्रत्येक जोडणीसमोर तीन प्रश्न लिहावेत. नाते स्पष्ट शब्दांत सांगणारा कागद कोणता? तो कागद कोणी, कधी आणि कशासाठी लिहिला? त्याला दुजोरा देणारा, स्वतंत्रपणे तयार झालेला दुसरा कागद आहे का? शाळेचा उतारा आणि वारसाचा फेरफार एकच गोष्ट सांगत असतील तर जोडणी भक्कम मानावी. एकाच जुन्या वंशावळीच्या दोन नकला म्हणजे दोन पुरावे नव्हेत. वयाचा हिशेबही करून पाहावा: बाप आणि लेक यांच्यात सर्वसाधारणपणे पंचवीस-तीस वर्षांचे अंतर असते, शंभर वर्षांत दोनच किंवा सात पिढ्या बसत असतील तर कुठेतरी गफलत आहे. त्याच गावात त्याच नावाचा दुसरा माणूस होता का, हे त्या काळातील सर्व खातेदारांची यादी काढून तपासावे. हे काम कंटाळवाणे आहे, पण खरा शोध आणि हौशी जुळवाजुळव यांतील फरक इथेच पडतो.

डीएनए चाचण्यांबद्दल विचारणा होते म्हणून थोडक्यात सांगतो. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे, तर मायटोकाँड्रियल डीएनए आईकडून सर्व मुलांकडे जातो. बाकीचा डीएनए दर पिढीला निम्मा होत जातो, त्यामुळे पणजोबा-पणजींपैकी प्रत्येकाचा वाटा सरासरी साडेबारा टक्के असतो. पिढ्यान्‌पिढ्या एकाच समाजात लग्ने झालेल्या कुटुंबांत दूरचे नातेवाईक प्रत्यक्षापेक्षा जवळचे दिसतात. कागदांनी अडलेला एखादा नेमका प्रश्न असेल तरच हा मार्ग घ्यावा.

नोंद ठेवणे आणि लिहून काढणे

ग्रॅम्प्ससारखी मोफत संगणकप्रणाली वंशवेलीसाठी पुरेशी आहे, आणि जेडकॉम स्वरूपात माहिती साठवली की ती पुढे दुसऱ्या प्रणालीतही नेता येते. प्रत्येक नावाला कागदाचा प्रकार, कचेरी, गाव, क्रमांक आणि पाहिल्याची तारीख जोडावी. ज्या वह्या पाहिल्या पण काही सापडले नाही त्यांचीही यादी ठेवावी, म्हणजे पुढच्या माणसाला तेच श्रम पडणार नाहीत. हयात व्यक्तींच्या जन्मतारखा, पत्ते आणि ओळखपत्रांचे क्रमांक इंटरनेटवर टाकू नयेत. शोधात एखादे लपवलेले लग्न, टाकून दिलेली बायको किंवा सोडून दिलेले मूल समोर येऊ शकते; अशी माहिती खरी असेल तर ती वहीतून पुसू नये, पण ज्यांना ती लागणार आहे अशा हयात माणसांशी बोलल्याखेरीज ती प्रसिद्धही करू नये.

पाच पिढ्या पूर्ण होण्याची वाट न पाहता तीन पिढ्या पक्क्या झाल्या की वीस-पंचवीस पानांचा मजकूर लिहावा: कोण कुठून आले, काय करत होते, कोणती जमीन कधी घेतली किंवा गेली, कोण शिकले, कोणाचे लग्न कुठे झाले. निश्चित, संभाव्य आणि ऐकीव अशा तीन दर्जांची माहिती वाचणाऱ्याला वेगळी कळली पाहिजे. त्याच्या प्रती भाऊबंदांना आणि माहेर-सासरच्या सर्व घरांना पाठवाव्यात, समासात दुरुस्त्या लिहून परत मागवाव्यात, आणि दुरुस्त झालेली एक छापील प्रत गावच्या वाचनालयात व एक जिल्ह्याच्या ग्रंथालयात द्यावी.